बारा मार्चचा रोजनामा

पुण्याच्या सेशन्स कोर्टात बत्तीस वर्षं बेंच क्लार्क म्हणून काढलेला माणूस निवृत्त झाला की कोर्टातून सुटतो, असं कोणाला वाटत असेल तर त्याने हेमचंद्र राजहंसांना पाहायला हवं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. खटल्यात आज काय घडलं, कोण हजर, कोण गैरहजर, पुढची तारीख कोणती, हे रोजनाम्यात उतरवणं हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कोर्ट गेलं, रोजनामा राहिला. दोनशे पानी वहीत ते घराचाच रोजनामा लिहू लागले. 'प्लंबर हजर. वॉशर नसल्याने काम तहकूब.' मत नाही, कारण नाही, आणि खाडाखोड तर मुळीच नाही.

"माझं नाव त्यात साक्षीदार म्हणून येतं की आरोपी म्हणून, तेवढं सांगा," असं त्यांची बायको लतिकाबाई त्यांना चिडवायच्या.

जानेवारी २०२०मध्ये दोघं तीन महिन्यांसाठी मुलाकडे, नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेलला आली. अंबरीश आणि सून प्रांजली दोघंही आयटीत. नात ईशानी अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्लिशमध्ये, आणि रागावली की डचमध्ये.

शनिवारी दुपारी जेवणं झाली की या घरात टीव्हीवर एक मालिका लागायची. दर भागात एक नवा गुन्हा, आणि एका बंद खोलीत बारा साधी माणसं, आरोपी दोषी की निर्दोष यावर तावातावाने भांडणारी. भारतातली ज्यूरी कधीच बंद झाली होती, नेदरलँड्समध्येही ती नव्हती. म्हणून घरच्यांनी स्वतःची ज्यूरी केली. निकालाआधी मालिका थांबवायची आणि प्रत्येकाने चिठ्ठी लिहून स्टीलच्या डब्यात टाकायची. लतिकाबाई चेहरा पाहून मत द्यायच्या.

"चेहरा हा पुरावा नाही," हेमचंद्र म्हणत.

"बत्तीस वर्षं पुरावे बघून तुम्हाला काय कळलं? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

ईशानीचं काम त्याहून सोपं होतं. ती सगळ्यांनाच सोडून द्यायची. चिठ्ठीवर 'नॉट गिल्टी' आणि शेजारी एक हसरा चेहरा. हेमचंद्र स्वतः मात्र चिठ्ठी टाकत नसत. "क्लार्क निकाल देत नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ते फक्त चिठ्ठ्या मोजत आणि वहीत लिहून ठेवत.

सात मार्चला ते एकटेच आगगाडीने हेगला जाऊन आले. जगाचं कोर्ट निदान बाहेरून तरी पाहायचं, ही त्यांची जुनी हौस. फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी टोपी काढली, फोटो काढून घेतला, आणि खूश होऊन परतले. येताना डबा खचाखच भरला होता. समोरचा एक माणूस सारखा खोकत होता.

पुढचं सगळं एका महिन्यात झालं. सोळा तारखेला शाळा बंद झाल्या. घरात म्हातारी माणसं आहेत, कोणाकडे जायचं नाही, असं प्रांजलीने ईशानीला बजावलं होतं. सतरा तारखेला ईशानी गुपचूप सायकल काढून सान्ने नावाच्या मैत्रिणीकडे जाऊन आली. वीस तारखेला लतिकाबाईंना ताप भरला, आणि एकवीसला सान्नेच्या आईचा मेसेज आला: तिच्या नवऱ्याला कोरोना झाला आहे.

"तू गेली होतीस? कितीदा सांगितलं होतं, घरात आजी आहे!" प्रांजली एवढंच बोलली. त्यानंतर त्या घरात हा विषय पुन्हा कोणी काढला नाही. काढायची गरजच उरली नव्हती.

सत्तावीस तारखेला लतिकाबाईंना रुग्णवाहिकेतून नेलं. सहा एप्रिलला त्या गेल्या. शेवटचं दर्शन फोनच्या पडद्यावर झालं, तेही नर्सने फोन धरला म्हणून. पाळीव मांजराच्या मरणावर दोन दिवस रडलेली ईशानी आजीच्या मरणावर रडली नाही. सगळ्यांना वाटलं, पोर धीराची आहे. मोठ्या माणसांना कधी कधी काहीही कळत नाही.

आणि ज्या एका मोठ्या माणसाला कळत होतं, तो मूग गिळून बसला होता. लतिकाबाई आजारी असतानाच एका सकाळी बातम्यांत सांगितलं होतं, की चव जाणं हेही या रोगाचं लक्षण असू शकतं. हेमचंद्रांच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांनी खोलीत जाऊन वही उघडली, मार्च महिन्याचं एक पान वाचलं, आणि वही बॅगेच्या तळाशी ठेवली. ती आधी बरी होऊ दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. ती बरी झाली नाही. मग वाटलं, आता सांगून काय होणार? खरं कारण वेगळंच होतं. अंबरीश आपल्याकडे कसा बघेल, याची त्यांना भीती वाटत होती. ते पान फाडून टाकायचा विचारही एकदा मनात आला. पण रोजनाम्याचं पान फाडणं त्या हातांना जमण्यासारखं नव्हतं.

विमानं बंदच होती. जूनमध्ये अंबरीश म्हणाला, "बाबा, शनिवारचं आपलं पुन्हा सुरू करू या. आईलाही आवडलं असतं."

त्या दिवशीच्या भागात घोड्यांच्या पागेतला एक पोरसवदा नोकर होता. पागेला आग लागली, मालकीण गेली. पोरगा तिथून पळाला होता, एवढाच काय तो पुरावा. मालिका थांबवली. डब्यात तीन चिठ्ठ्या पडल्या. हेमचंद्रांनी त्या उघडल्या. दोन चिठ्ठ्यांवर 'निर्दोष' होतं. तिसरी ईशानीची, त्यावर 'गिल्टी'. शेजारी हसरा चेहरा नव्हता.

"अगं, पण त्याने आग लावली हे दिसलं कुठे?" अंबरीशने विचारलं.

"ही वॉज देअर," ईशानी म्हणाली. "ही वेंट व्हेअर ही वॉज नॉट सपोज्ड टू गो. अँड शी डाइड. सो."

लतिका असती तर काय म्हणाली असती, ते हेमचंद्रांना तिच्याच आवाजात ऐकू आलं: चोर सोडून संन्याशाला फाशी! ते उठले, आत गेले आणि वही घेऊन आले. बसले नाहीत. साक्षीदार उभा राहतो तसे टीव्हीसमोर उभे राहिले आणि वाचू लागले.

"बारा मार्च, गुरुवार. कालपासून कोरडा खोकला. आज आमटी अळणी लागली. लतिकेने माझ्याच चमच्याने माझ्या वाटीतली चाखून मीठ बरोबर असल्याचं सांगितलं. तेरा मार्च. चहालाही चव नाही, वास नाही."

प्रांजलीने टीव्ही बंद केला.

"ईशानी सान्नेकडे गेली ती सतरा तारखेला," हेमचंद्र म्हणाले. "मला त्याच्या आधीपासून झालं होतं. लतिका आजारी होती तेव्हाच मला ते समजलं. मी सांगितलं नाही."

"अडीच महिने, बाबा?" अंबरीशचा आवाज चिरकला. "ही पोरगी अडीच महिने आमच्यासमोर अशी..." तो उठून खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. हेमचंद्रांना ज्याची भीती होती ते हेच. ते घडलं, आणि त्यांनी ते उभ्यानेच सोसलं.

ईशानी जागची हलली नव्हती. तिने विचारलं, आणि मराठीत विचारलं, "म्हणजे मी नाही?"

"तू नाहीस. माझ्यामुळे झालं, बाळा. तू गेलीस तेव्हा ते घरात आलेलं होतं."

"नक्की?"

त्यांनी वही तिच्यापुढे धरली. तिला मराठी वाचता येत नव्हतं, आकडे मात्र ओळखता येत. तिने बारावर बोट ठेवलं. मग स्वतःशीच सतरापर्यंत मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. आणि मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"आजी," ती म्हणाली. "मला आजी पाहिजे."

प्रांजलीने तिला छातीशी ओढलं. अडीच महिने त्या पोरीला आजीसाठी रडायचा हक्कच नव्हता, तो आता मिळाला होता. हेमचंद्र वही हातात धरून तसेच उभे होते. त्यांना 'बसा' म्हणणारं त्या खोलीत कोणी नव्हतं.