बाकावरची गार्ड

मुरारला नातीच्या कॉलेजची बास्केटबॉलची मॅच बघायला गेले, तर शेजारी साडीवर खेळाचे बूट घातलेली एक बाई. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. सगळे खेळाकडे बघत होते, ही मात्र बाकावरच्या राखीव मुलींकडे.

"मावशी, दोन्ही गार्ड यंदा कॉलेज सोडतील. मग बॉल पुढे कोण आणणार?"

मी बाकावरच्या नातीकडे बोट दाखवलं.

बुटाने जमिनीवर ठेका धरत ती म्हणाली, "हात छान आहे. पण गार्डला ओरडून सगळ्यांना जागा सांगावी लागते. ये तो मुँह ही नहीं खोलती!"

मुलींनी हळू बोलावं, हे नातीला मीच शिकवलेलं. मी स्वतः मात्र दिवसभर बडबडते!

घरी आल्यावर नातीला गच्चीवर पाठवलं आणि अंगणातून म्हटलं, "मार मला हाक. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ दे."