वाडीचा पाणीतपासनीस

चहा घ्या, गरम आहे तोवर. चांगला उकळलाय, घाबरू नका! मी जो गाढवपणा केला तो ऐकल्यावर आमच्या घरचं पाणी तुम्ही तोंडाला लावाल की नाही, शंकाच आहे.

वरंधच्या बाजूला डोंगरात आमची वाडी. तिथल्या पाण्याचं काम माझ्याकडे. टाकीत औषध टाकायचं, नमुना भरून महाडच्या प्रयोगशाळेत द्यायचा, जंतू निघाले तर लोकांना सांगायचं. काम एवढंसं, पण मी मिरवायचो डॉक्टर असल्यासारखा!

मे महिन्यात शेजारचा सखाराम जुलाब-उलट्यांनी गेला. धडधाकट माणूस हो, बघता बघता संपला. मागे बायको आणि दोन लहान पोरं. त्याचे दिवसही झाले नव्हते, आणि सुगंधावहिनी, त्याची बायको, माझ्या दारात उभी.

"भावजी, पोरांना कुठलं पानी पाजू, तेवढं सांगा."

"नळाचाच दोष असणार, वहिनी! तपासून आणतो." मी ठणकावून सांगितलं. कशाच्या जोरावर? कशाच्याच नाही!

आता नमुना घ्यायची एक रीत असते. स्पिरिटचा बोळा पेटवायचा आणि तोटीचं तोंड जाळून घ्यायचं, म्हणजे तोटीवरचे जंतू मरतात. प्रशिक्षणात साहेबांनी पितळी तोटी जाळून दाखवली होती. आमच्या नळाची तोटी प्लॅस्टिकची. हे कुणाच्याही लक्षात येईल, नाही का? माझ्या नाही आलं!

तोटी वितळून गळून पडली आणि पाण्याची धार थेट माझ्या छातीवर. त्याच धारेखाली मी बाटली भरली. कर्तव्य म्हणजे कर्तव्य!

"अरे, वरचा कॉक बंद करा!" मी ओरडलो.

"फिरत नाय तो, गंजलाय!" टाकीवरून उत्तर आलं.

दुपारपर्यंत टाकी कोरडी. पुढचं पाणी दोन दिवसांनी. सगळ्या बायका रिकामे हंडे घेऊन माझ्याकडे बघतायत, आणि त्यांत वहिनी.

"आता वो, भावजी?"

"विहीर आहे की! वाडवडील तेच प्यायले. हे बघा, मी पितो." आणि भर उन्हात, सगळ्यांदेखत, दोन तांबे विहिरीचं पाणी घटाघट प्यालो. वहिनीने हंडा भरला, घरी नेला आणि चुलीवर उकळायला ठेवला. मला तर रागच आला. एवढा जाणता माणूस सांगतोय, आणि हिचा विश्वास नाही!

बाटली बर्फात घालून मी महाडला पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी मलाच महाडला पोचवावं लागलं. दवाखान्यात, हाताला सलाईन. माझ्या शब्दावर विहिरीचं प्यायलेले आणखी चौघे माझ्याच रांगेत आडवे. हसताय काय? सखाराम ह्याच खोलीत गेला होता. मी छताकडे बघत देवाचं नाव घेत होतो. खरंच घाबरलो होतो.

वहिनी पेज घेऊन आली. तेवढ्यात प्रयोगशाळेतून फोन आला आणि मी पडल्या पडल्या खूश झालो. "वहिनी, नळाचं पाणी एकदम चांगलं निघालं! पण मग सखाराम गेला कशाने?"

"ते नळाचं प्यायचेच नायत. औषदाचा वास येतो म्हनायचे. रोज इहिरीचं."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं?"

"तुमी इचारलंत कवा?"

मला मान वर करवेना. पोरं बरी आहेत का, एवढं कसंबसं विचारलं. "बरी हायत," म्हणाली. "उकळून पाजते ना."

ती गेली आणि नर्सबाई आल्या. माझ्या हातात एक छोटी डबी दिली. म्हणाल्या, "काका, तपासणीला पाठवायचंय. संडासला जाऊन यात नमुना भरून आणा."

आमच्या विहिरीचं पाणी पहिल्यांदा प्रयोगशाळेत गेलं, ते असं!