चिकटपट्टीखालचा रोबोट

शनिवारी सकाळी बेसिंगस्टोकहून निघालो तेव्हा बायको दारात उभी होती. "अरे, आज बॉइलरवाला येणारे आणि तू कार्टून बघायला ग्लासगोला चाललायस? सीरियसली?"

"फक्त शेवट बघायला," असं म्हणून मी सटकलो.

पिशवीत होती माझ्या लहानपणीची व्हिडिओ कॅसेट. मस्कतच्या काकाने आणलेली. तीत एक अवाढव्य रोबोट शेवटच्या लढाईत समुद्रात पडतो, बुडबुडे येतात आणि पुढच्याच क्षणी माझ्या आत्याचा साखरपुडा सुरू होतो. ऐन वेळी शूटिंगवाल्याची कॅसेट संपली, तेव्हा बाबांनी ही दिली. कुणी वर रेकॉर्ड करू नये म्हणून मी कडेची टिकली मोडून ठेवली होती. पुन्हा रेकॉर्ड व्हावं म्हणून बाबांनी त्या भोकावर चिकटपट्टी लावली! त्यानंतर मी नेहमी बुडबुड्यांपाशी कॅसेट बंद केली. साखरपुडा रागाने कधी पाहिलाच नाही. रोबोट वर येतो का, एवढं मात्र वीस वर्षं डोक्यात राहिलं.

आगगाडीने कार्लाइल सोडल्यावर मेंढ्या आणि पाऊस सुरू झाला. मी पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. समोरच्या आजींनी हळूच विचारलं, "कुणाच्या अस्थी आहेत का?"

"नाही, रोबोट आहे."

त्यांनी पेपर उघडला तो थेट ग्लासगोलाच मिटला.

इयन स्टेशनवर आला होता. निवृत्त बस ड्रायव्हर, इंटरनेटच्या एका फोरमवर भेटलेला. घरी भिंतभर कॅसेटी. त्याच्याकडच्या प्रतीचा पहिला भाग मशीनने खाल्लेला. म्हणून सुरुवात माझी, शेवट त्याचा, असं ठरलं होतं. आधी माझी कॅसेट लावली.

"जपानी नाही हा, कोरियन," तो पहिल्याच मिनिटाला म्हणाला. "डोकं जपान्यांचं उचललंय, छाती दुसऱ्या कुणाची." शाळेत ज्याला जपानी म्हणून मिरवलं, तो असा निघाला. प्रत्येक हल्ल्यात तीच सात माणसं डावीकडून उजवीकडे पळत होती. संवाद संपले तरी नायकाचं तोंड चालूच.

रोबोट बुडाला. इयन 'वी' (छोटासा) चहा करायला आत गेला होता आणि मला रिमोट सापडेना. साखरपुडा सुरू झाला. चुरगळलेल्या सदऱ्यातले बाबा पेढ्यांचं ताट घेऊन आले आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "शेवटची दहा मिनिटं तेवढी सोडा हो. पोराचा रोबोट आहे त्यात."

"सोडतो, सोडतो," शूटिंगवाला म्हणाला. कॅमेरा चालूच होता, त्याच दहा मिनिटांवर. बाबांनी ताट ठेवलं आणि दारातून निघून गेले.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. मला भडभडून आलं. किती वर्षं मी या माणसाचा राग धरला होता!

इयन चहाचे मग हातात घेऊन दारात थबकला. "तुझे वडील?"

"हो."

त्याने माझ्या बशीत दोन टॅटी स्कोन (बटाट्याच्या जाड पोळ्या) वाढल्या. मग त्याची कॅसेट लावली.

रोबोट वर आला! पण कसा? पैसे संपले असावेत. पडतानाचीच चित्रं उलटी फिरवली होती. बुडबुडे खाली गेले, पाणी मिटलं, सातही माणसं उलट्या पावलांनी पळत परत आली. इयन सोफ्यावरून घसरला. मीही डोळे पुसत खो खो हसलो.

रविवारी दुपारी घरी पोचलो. बॉइलरवाला आलाच नव्हता. कोट न काढताच मी कॅसेट लावली आणि चित्र चालू असतानाच उलटी फिरवली. बाबा पाठमोरे दारातून आत आले, ताट उचललं, माझ्याकडे बघितलं.

"हे काय चाललंय तुझं?" बायकोने विचारलं.

"रोबोट येतो वर," मी म्हणालो.

मग कॅसेट काढली आणि नखाने भोकावरची चिकटपट्टी सोलून टाकली.