ऊन लागलं म्हणून

"ऊन नव्हतं ते, बाबा!"

"मे महिन्यात नागपुरात बाई चक्कर येऊन पडते, तं दुसरं काय राहते वं?"

"आई सांगून राहिली होती ना, डोक्यात कायतरी फुटलं म्हणून?"

"तिचं डोकं तं मिलच्या भोंग्यानंही फुटते!"

वॉर्डाच्या दारात देवराव कोष्टी आणि त्यांची लेक तारा भांडत होते. आत भागीरथाबाई डोळ्यांवर पदर घेऊन पडल्या होत्या. उजेड सोसत नव्हता.

त्यांचं आयुष्य मागाशेजारी गेलं. मागावरच्या उभ्या धाग्यांचा जुना ताणा संपत आला की त्याच्या एकेका धाग्याला नव्याचा धागा, बोटांना राख लावून, पिळून जोडायचा. जोडता जोडता शेजारणींच्या अशा नकला करायच्या की देवराव माग थांबवून हसत. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात असंच जोडताना त्या किंचाळल्या आणि कोसळल्या. देवरावांनी तळपायांना कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, वाळ्याच्या ओल्या पडद्याआड निजवलं. दोन दिवसांनी त्या उठून बसल्या. ऊन उतरलं, असं सगळ्यांनी धरलं. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा पडल्या, तेव्हा कुठे दवाखाना.

मेंदूतल्या नसेला फुगा आलाय, तो फुटतोय, असं डॉक्टरांनी सकाळी सांगितलं. मुंबईत एक डॉक्टर परदेशातून शिकून आलेत. कवटी न उघडता मांडीच्या नसेतून बारीक नळी वर नेतात आणि फुगा आतूनच बुजवतात.

"मांडीतून डोक्यात?" भागीरथाबाई पदराखालून म्हणाल्या होत्या. "बंबईवाल्यांले सरळ रस्ता ठाऊक नाही काय?"

नर्ससुद्धा हसली होती.

दुपारी तपासणी झाली आणि डॉक्टरांनी बापलेकीला बाहेर बोलावलं. "पहिल्यांदा पडल्या तेव्हाच आणायचं होतं. आता नसा आखडल्यात. प्रवासही झेपणार नाही, डोकं उघडणंही."

"मंग आता?"

"पुन्हा फुटेल. कधी, ते नाही सांगता येत."

तेव्हापासून ते भांडण सुरू होतं.

"कांदा चोळून राहिले होते तुमी! कांदा!"

"माह्या मायनं मले असंच वाचवलं होतं..."

"अवो," आतून भागीरथाबाईंनी हाक मारली. "भांडता काहून? बंबईले कधी निघाचं, ते सांगा."

तारा बापाकडे वळली. "सांगा. तुमीच सांगा तिले."

देवरावांनी चपला पायात सरकवल्या आणि ते जिना उतरून गेले.