डावीकडची भिंत

शिरीष गेल्याचं मला आमच्या इमारतीच्या लिफ्टजवळ कळलं. शाळेतून परतलो होतो, हातात पुस्तकांची पिशवी होती. आमचा वॉचमन खान एरवी कुणासाठी खुर्चीवरून उठत नाही. त्या दिवशी तो उठला आणि म्हणाला, "सर, वो आपका इंजिनियर दोस्त... फॅक्टरी में ही. खलास." इथे शारजात हा शब्द दिवसभर कानावर पडत असतो. काम आटोपलं, पाणी संपलं, बोलणं मिटलं, की खलास. शिरीषसाठी तो ऐकला तेव्हा मला आधी दुःख झालं नाही, राग आला. खानचा नव्हे, शिरीषचाच. कारण त्याचं काहीही संपलेलं नव्हतं. चार वस्तूंमधली एक निवडायची, तेवढंसुद्धा त्यानं शेवटपर्यंत केलं नव्हतं.

काही आठवडे गेले, तरी तो राग पुरता उतरलेला नाही. शिरीषविषयी लिहायचं तर आधी त्या वस्तूविषयीच लिहावं लागेल. तो मूळचा कोल्हापूरचा. तरुणपणी रायफल शूटिंगच्या स्पर्धांत उतरायचा. डावखुरा होता, त्यामुळे नेमबाजांच्या रांगेत तो एकटाच उलट्या बाजूला झुकलेला दिसायचा. तसा एक फोटो त्याच्या हॉलमध्ये होता. मग लग्न झालं, शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका कारखान्यात क्वालिटीची नोकरी लागली. रायफल तिकडे क्लबच्या कपाटात राहिली आणि हा इकडे आला. एक दिवस परत जायचं, सकाळी रेंजवर जायचं आणि आपली काडतुसं आपण भरायची, एवढंच त्याच्या पुढच्या आयुष्याचं चित्र होतं. उडालेल्या काडतुसाचं पितळी नळकांडं पुन्हा आकारात आणून नव्यानं भरता येतं. मुरलेले नेमबाज ते स्वतः करतात, कारण मग एक गोळी दुसरीसारखीच जाते. त्यासाठी टेबलाला बोल्टनं पक्का बसणारा आणि दांडा ओढून चालवायचा एक प्रेस लागतो. परवानगीचं वगैरे सगळं त्याच्या थोरल्या भावानं, दादांनी, कोल्हापुरात क्लबमार्फत मार्गी लावलं होतं. शिरीषनं कुठला प्रेस मागवायचा ते सांगायचं, की काम झालं.

तेच तो सांगत नव्हता.

इथे असलं काही घरात ठेवायचा प्रश्नच नव्हता. शिरीष नियमांचा माणूस, त्यानं या देशात कधी रिकामं नळकांडंसुद्धा आणलं नाही. पण निवड तर डोळ्यांनी आणि हातांनी व्हायला हवी, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्यानं बंदिस्त बाल्कनीत एक लहानसं टेबल बनवलं. कारखान्यात यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्यांचं जाड लाकूड, आणि माप मात्र कोल्हापूरच्या घरातल्या एका छोट्या खोलीचं. सुट्टीत टेप घेऊन जाऊन ते माप त्यानं स्वतः आणलं होतं. मग नेटवरच्या आकृत्या बघून त्यानं लाकडाचे खोटे प्रेस केले, अगदी खऱ्या मापाचे, वर-खाली होणाऱ्या दांड्यासकट. एकेक प्रेस शिकंज्यानं टेबलाला अडकवायचा, स्टुलावर बसायचं आणि दांडा ओढून बघायचा. दर शुक्रवारी संध्याकाळी मी वरच्या मजल्यावर त्याच्याकडे चहाला जायचो तेव्हा हे चाललेलं असे. मी शाळेचा ग्रंथपाल, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी हळूहळू मी त्या खोट्या प्रेसांचा जाणकार झालो. त्याला पर्याय नव्हता.

एक होता भराभर काम करणारा. दांडा एकदा ओढला की एकाच वेळी चार ठिकाणची चार कामं व्हायची. शिरीष म्हणायचा, हा घाईच्या माणसाचा. चारांतलं एक चुकलं तरी कळायचं नाही. दुसऱ्याचं डोकं फिरायचं. तर फिरणाऱ्या गोष्टीत थोडी तरी हालचाल शिल्लक राहणारच, आणि ती गोळीत उतरणार. तिसऱ्याची चौकट एका बाजूनं उघडी, हात घालायला सोयीची, पण जोर आला की वाकेल अशी त्याला शंका. चौथा सगळ्यात साधा होता. बंद चौकट, एका वेळी एकच काम, आणि दांडा हवा तर डाव्या बाजूला लावता येणारा. मला वाटे, चला, ठरलं. तर तो डाव्या हातानं दांडा खाली ओढायचा, त्याचं कोपर बाल्कनीच्या भिंतीवर आपटायचं आणि तो माझ्याकडे बघायचा, जसा काही मीच ती भिंत बांधली होती.

"बघ की गुरुजी. लागतंय."

मी त्याला म्हणालो, टेबल पलीकडच्या कोपऱ्यात हलव. तिथे वॉशिंग मशीन होतं. मशीन इकडे आण म्हटलं तर नळ तिकडे होता. दांडा उजवीकडे लाव म्हटलं तर त्यानं उजव्या हाताची बोटं माझ्यासमोर हलवून दाखवली आणि विचारलं की या हाताला काय कळतं, हा फक्त जेवायला. शेवटी मी वैतागून म्हणालो, अरे, हे टेबल जाणार कोल्हापूरला. ही भिंत तुझ्याबरोबर येणार आहे का?

"भिंत कुठंतरी असतीयच, लेका," तो म्हणाला, आणि चौथा प्रेस सोडवून पुन्हा पहिला अडकवायला लागला.

वैशालीवहिनी या सगळ्यावर बोलणं सोडून कधीच मोकळ्या झाल्या होत्या. वाळत घातलेले कपडे त्या त्याच्या डोक्यावरून काढायच्या. त्यांची मुलगी ईशा अभ्यास करता करता आतून ओरडायची, "बाबा, जस्ट पिक वन!" तो मराठीत उत्तर द्यायचा की हे काय कानातलं आहे का. तिकडून दादांचे फोन यायचे, क्लबवाले विचारतायत, कुठला मागवायचा? हा म्हणायचा, पुढच्या महिन्यात नक्की, इन्शाल्ला. कारखानाही त्याचं कंत्राट असंच एकेक वर्ष पुढे ढकलत होता आणि हा सही करत होता. एव्हाना त्याला चष्मा लागला होता. नेम धरणाऱ्या माणसाला डोळ्यांचं काय होतंय ते कळत नसेल? मला कळत होतं, मी बोलतही होतो. मग तो चहाचा कप पुढे सरकवायचा.

आमची शेवटची भेटही अशीच झाली. निरोपाचं काही बोलणं झालं असतं तर आज ते इथे लिहिता आलं असतं... त्या शुक्रवारी तो दुसऱ्या प्रेसचं डोकं पॉलिशपेपरनं घासत बसला होता आणि फिरताना ते किती हलतं हे मला दाखवत होता. मला काहीच हललेलं दिसलं नाही. तसं मी म्हणालो आणि घरी आलो.

वहिनी आणि ईशा त्याला घेऊन कोल्हापूरला गेल्या आणि नंतर घर आवरायला परत आल्या. त्याच सुमारास दादांचा फोन आला. मी त्यांना कधी भेटलो नव्हतो. त्यांना तो प्रेस मागवायचाच होता. शिरीषच्या त्या खोलीत तो बसवायचा, क्लबमधल्या त्याच्या दोघा जुन्या मित्रांना त्यावर काम करू द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणाले, "सर, तुमच्याशीच बोलायचा तो. शेवटी कुठला ठरला हुता, तेवढं सांगा की." मी काय सांगणार? प्रत्येक प्रेस का नको, हे मला पाठ होतं. कुठला हवा, हे तो कधीच बोलला नव्हता. उद्या कळवतो म्हणून मी फोन ठेवला आणि पुन्हा चिडलो. आता त्याच्या वतीनं निवडायचंही मीच.

दुसऱ्या दिवशी कार्गोवाले टेबल न्यायला आले. वहिनींनी मला बोलावलं होतं. कार्गोच्या दोघा माणसांनी टेबल भिंतीपासून ओढलं आणि मला भिंत दिसली. टेबलाच्या उंचीपेक्षा थोडा वर, एरवी बसलेल्या शिरीषच्या आड झाकला जाणारा, तळहाताएवढा एक डाग होता. रंग घासून गेलेला, मधलं प्लास्टर उघडं पडलेलं, कडा तेलकट काळ्या. बाकी तिन्ही प्रेसांचे दांडे उजवीकडे होते. डाव्या कोपराला भिंत लागायची ती फक्त चौथ्याच्या वेळी. मी पाहिलं ते दर शुक्रवारी एकदा, फार तर दोनदा. एवढ्यानं भिंत अशी झिजत नाही.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "कामावरून आले की रोज बसायचे, भाऊजी. तोच एक लावून. बाकीचे तुम्ही आलात की काढायचे."

"मग दादांना सांगितलं का नाही?"

त्यांनी ईशाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर जायचं ठरवावं लागलं असतं ना," त्या म्हणाल्या, आणि कार्गोवाल्यांना टेबलाचे पाय नीट गुंडाळायला सांगायला वळल्या.

मी तिथूनच दादांना फोन लावला. चौथ्या प्रेसचं नाव सांगितलं, दांडा डाव्या बाजूला लावा म्हणालो. आणि मग न राहवून विचारलं, त्या खोलीत टेबल ठेवायचं तिथे डावीकडे काय आहे?

"डावीकडं? काय न्हाई. दार हाय, परड्यात उघडतंय," दादा म्हणाले. "त्यानंच मागल्या सुट्टीत भिंत फोडून काढून घेतलंय. का हो?"

टेबल निघालंय, एवढं सांगून मी फोन ठेवला.

आता ते घर रिकामं आहे. जाताना वहिनींनी किल्ली माझ्याकडे ठेवली होती म्हणून घरमालकाच्या माणसाला दाखवायला मी वर गेलो. त्यानं खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिले, बाल्कनीत आला. त्या डागावरून बोट फिरवून म्हणाला, "ये क्या किया है? चलो, एक हाथ रंग में निकल जाएगा." मी मान डोलावली. मग तो पुढे गेल्यावर, शिरीषचं स्टूल जिथे असायचं तिथे उभा राहून मी डावा हात वरून खाली ओढून पाहिला. कोपर बरोबर त्याच जागी लागलं. लागतंय हे तो खरंच सांगत होता.