क्लिफर्डचा शब्द

आमच्या फुटबॉल क्लबची मला किळस येते. हे मी लाडाने बोलते आहे असं कुणी समजू नये. ब्रॅकनशॉ टाउनच्या मैदानावरचा चहा भांडी धुतलेल्या पाण्यासारखा लागतो, छप्पर गळतं, बायकांच्या संडासाची कडी कधीपासून तुटलेली आहे, आणि या सगळ्याचा मालक एक गाद्या विकणारा माणूस आहे. दक्षिणेत कुठेतरी राहतो. सामन्याला आला तर काचेच्या खोलीत बसतो आणि मध्यंतरानंतर निघून जातो. गेल्या सीझनच्या आधी त्याने आमच्या गळ्यात एक स्ट्रायकर मारला. तो धावायला लागला की वाटायचं, कुणीतरी कपाट ढकलत नेतंय. त्याच्यावर पैसे उधळले म्हणून मिडफिल्डला माणूस घ्यायला काही उरलं नाही, आणि वर्षभर आमच्या मधल्या फळीतून विरोधी संघ बागेत फिरावं तसे फिरून गेले.

तरीही मी दर वर्षी सीझन तिकीट काढते. क्लिफर्ड एन्टविसलही काढतो. आमच्या खुर्च्या एकाच रांगेत आहेत, पूर्वेच्या स्टँडमध्ये, रेषेला अगदी लागून. माझा नवरा जिवंत होता तेव्हा तो आमच्या दोघांच्या मध्ये बसायचा. आता तिथे आम्ही कोट ठेवतो.

क्लिफर्डने जन्मभर घरांची छपरं शाकारली. छपरावरून खाली रस्त्यावरच्या गड्याला हाका मारून मारून त्याचा आवाज असा झालाय की तो कुजबुजला तरी शेजारच्या गल्लीत कळतं. एका हिवाळ्यात आमचा एक बचावपटू गोलरेषेवर नुसता उभा राहिला आणि बॉल त्याच्या बाजूने निवांत आत गेला. सगळं मैदान चिडीचूप. त्या शांततेत क्लिफर्ड ओरडला, "अरे, ही अडगळ कुणीतरी उचला रे!"

स्टँड हसून हसून लोळला. पुढच्या सामन्यात तोच बचावपटू चुकला, तेव्हा मागच्या रांगांतून आपोआप आलं, "अड-गळ! अड-गळ!" मध्ये दोन टाळ्या. झालं. तेव्हापासून आमच्याकडे ज्याचा पाय घसरेल त्याच्या वाट्याला ते येतं. परगावचे लोकसुद्धा आम्हाला अडगळवाले म्हणून ओळखतात. क्लिफर्डला याचा कोण अभिमान! साठाव्या वाढदिवसाला पोरांनी केकवर तोच शब्द काढून आणला होता, आणि अक्षरं असलेला तुकडा त्याने कुणाला खाऊ दिला नाही.

त्याचा नातू एलिस. मुलगी जॅनिसचा मुलगा. बाप लवकर पसार झाला, तेव्हा क्लिफर्डनेच त्याला दर रविवारी सकाळी चिखलात सरावाला नेलं, बूट घासले, घरी आणून भाजलेलं मटण आणि बटाटे खाऊ घातले. पोरगं मोठं झालं, आमच्याच क्लबच्या पहिल्या संघात डाव्या बचावाला, लेफ्ट बॅक म्हणून आलं. सगळा स्टँड क्लिफर्डची पाठ थोपटत होता. तो एवढंच म्हणाला, "डावा पाय बरा आहे त्याचा." आणि मग नाक शिंकरायला बराच वेळ खाली वाकून बसला. संघात आल्यावरही एलिसने रविवारचं जेवण कधी चुकवलं नाही.

गेल्या सीझनला मात्र एलिसचं सगळंच बिनसलं. सगळा संघच सडलेला, त्यात हा एकटा काय करणार? शेवटच्या घरच्या सामन्यात ऊन समोरून येत होतं. क्लिफर्डच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशनचं नाव काढलं की खेकसायचा. आमच्या कुणीतरी डावीकडून पास दिला तो थेट विरोधी खेळाडूच्या पायात. गोल. आणि पहिला आवाज उठला तो माझ्या शेजारून.

"अड-गळ!"

मी त्याची बाही ओढली. "क्लिफर्ड, एलिस आहे तो!"

पण तोवर दुसऱ्यांदाही ओरडून झालं होतं, आणि आख्खा स्टँड त्याच्यामागून सुरू झाला होता. एलिस कोपऱ्याशी उभा होता. त्याने मान वळवून बरोबर आमच्या खुर्च्यांकडे पाहिलं. तो आवाज त्याला पाळण्यापासून माहीत होता.

त्या रविवारी एलिस जेवायला आला नाही. त्यानंतरच्याही नाही. फोन उचलेना. जॅनिस म्हणाली, "बाबा, थोडा वेळ जाऊ दे." क्लिफर्ड दर रविवारी दोघांचं मटण भाजायचा आणि उरलेलं सोमवारी एकटा खायचा.

सीझन संपला की मे महिन्यात आमची 'शटल' पबमध्ये बैठक असते. कोपऱ्यातलं टेबल, मी, क्लिफर्ड, खाटीक रॉनी पिलिंग आणि शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माल्कम. पद्धत ठरलेली. प्रत्येकाच्या पुढ्यात ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती. रॉनी एकेक नाव घेतो. खेळाडू ठेवायचा असेल तर चकती सुलटी, घालवायचा असेल तर पालथी. सगळ्यांनी एकदम. आपण इथे काय ठरवतो याला गादीवाल्याचं कुत्रंही विचारत नाही, पण निदान आपलं मत आपल्याला कळतं.

"गोलकीपर," रॉनी म्हणाला.

चारही पालथ्या.

"बॉल आला की बाजूला होतो मेला," मी म्हटलं. "दारात पाहुणा आल्यासारखा."

"आकडे तसे वाईट नाहीत हं त्याचे," माल्कम मोबाइल काढत म्हणाला.

"माल्कम, तो मोबाइल बिअरमध्ये बुडवीन मी," रॉनी म्हणाला. "आकडे बघतोस, मग चकती पालथी का घातलीस?"

"आकडे चांगले आहेत. माणूस भिकार आहे."

"कपाट," रॉनीने पुढचं नाव घेतलं. म्हणजे आमचा स्ट्रायकर.

चार पालथ्या. माल्कमने तर आपली उचलून जमिनीवर फेकली.

"त्याच्या जागी कोण येतंय माहितीय?" रॉनी टेबलावर ओणवा झाला. त्याच्या दुकानात किमा घ्यायला क्लबच्या कारकुनाची बायको येते, त्यामुळे बातम्या त्याच्याकडे पहिल्या. "पोर्तुगीज आहे. एकेकाळी मोठ्या क्लबात होता."

"एकेकाळी?"

"आता गुडघा गेलाय त्याचा."

"मग आपल्याकडेच येणार तो," मी म्हटलं. "दुसरं कोण घेणार? गादीवाला खेळाडू घेत नाही, भंगार गोळा करतो."

"दोन बरे तरुण घ्यावेत खालच्या लीगमधून, पळणारे," माल्कम म्हणाला. "तेवढ्याच पैशात येतील."

"तरुण पळतात, मग पळूनच जातात. तू गादीवाल्याला शिकवायला जा भूगोल," रॉनी म्हणाला.

आम्ही हसत होतो. क्लिफर्ड हसत नव्हता. चकती बोटांनी गोल फिरवत बसला होता. रॉनीने घसा खाकरला.

"चला, पुढे. राइट विंग."

"लेफ्ट बॅक राहिला," क्लिफर्ड म्हणाला.

रॉनीने माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या ग्लासाकडे.

"लेफ्ट बॅक," क्लिफर्डनेच नाव घेतलं. "लावा."

आम्ही चकत्या लावल्या. तिन्ही सुलट्या. रॉनी पिलिंगने आजवर कुठल्याही बचावपटूला सुलटी चकती दिलेली मी पाहिलेली नाही. स्वतःच्या मेव्हण्याचा मुलगा खेळायचा तेव्हाही नाही.

क्लिफर्डने तिन्ही चकत्या नीट डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या. "लाज नाही वाटत? त्या दिवशी बोंबलत होतात ना सगळे?"

"अरे, तुझ्यासमोर कसं..." रॉनी म्हणाला.

"माझ्यासमोरच बोंबललात. माझ्या मागून. मीच सुरू केलं म्हणून." त्याने स्वतःची चकती टेबलावर पालथी घातली आणि वर तळहात दाबून ठेवला. "जाऊ दे त्याला इथून. दुसरीकडे खेळेल तो. इथे त्याला माझा आवाज ऐकू येतो."

राइट विंगचं नाव त्या दिवशी कुणी घेतलं नाही. मला आम्हा सगळ्यांचीच शिसारी आली. एका पोराला आपण ओरडून ओरडून वाकवायचं आणि मग त्याच्या आजोबासमोर पुठ्ठा सुलटा ठेवून सभ्य व्हायचं!

जूनमध्ये एलिस खरंच गेला. पण कुठे? होल्मरॉइडला! टेकडीपलीकडचे ते पिवळे! ज्यांच्या गावात आम्ही पेट्रोलसुद्धा भरत नाही. रॉनीने दुकानातला एलिसचा फोटो काढून सॉसेजच्या कागदाखाली घातला. "दुसरीकडे कुठेही गेला असता तर सुखी राहा म्हटलं असतं," तो म्हणाला. "पण होल्मरॉइड? थू!" आणि आमच्याकडे कोण आला लेफ्ट बॅकला? एक जाडा, कुणाकडून तरी उसना घेतलेला, ज्याला डावं-उजवं कळत नाही. गादीवाल्याने त्याचा फोटो छापला, दोन्ही अंगठे वर करून.

क्लिफर्डने एकच केलं, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. पबमध्ये सगळे म्हणाले, चला, आली एकदाची अक्कल. मी विचारलं, "एलिसचा खेळ बघायला जाणार आहेस का तिकडे?"

"त्यांच्या मैदानात मी पाय ठेवणार नाही," तो म्हणाला. आणि मग, "त्याने बोलावलंही नाही."

सप्टेंबरमध्ये होल्मरॉइड आमच्याकडे आले. पिवळ्या शर्टात एलिस, डाव्या बाजूला, पूर्वार्धात नेमका आमच्या स्टँडसमोर. त्याच्या पायाला बॉल लागला रे लागला की मागून सुरू, "अड-गळ! अड-गळ!" चूक होवो न होवो. आमचा तो उसना जाडा समोरच्या बाजूला आपल्याच बुटाच्या नाडीवर पाय देऊन पडला, तिकडे कुणाचं लक्ष नाही. तोंडं वासलेली, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, पोरंटोरं खांद्यावर घेतलेले बाप, सगळे त्या एका पोरावर. वीस वर्षं मी यात सूर मिसळला आहे, पण त्या दिवशी मला तो आवाज गटारातून आल्यासारखा वाटला.

क्लिफर्ड उठला. मैदानाकडे पाठ करून स्टँडकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर केले.

"थांबा!" तो ओरडला. "बंद करा! माझा शब्द आहे तो! परत द्या माझा मला!"

आणि काय झालं असेल? लोकांना वाटलं, म्हातारा ताल द्यायला उभा राहिलाय. "वा क्लिफर्ड!" मागून कुणीतरी शिट्टी मारली. "चला रे, क्लिफर्डसाठी! जोरात!" त्याचे हात वर गेले की आवाज वर जाई. तो हात हलवून नाही नाही म्हणे, त्यावर ते टाळ्यांचा ताल धरत. मी उठून ओरडले, "गप बसा मेल्यांनो!" पण माझा आवाज छपरावरचा नाही.

तेवढ्यात बॉल आमच्यासमोर रेषेबाहेर आला. थ्रो होल्मरॉइडचा. एलिस धावत आला, वाकून बॉल उचलला आणि ताठ झाला. त्याच्या आणि क्लिफर्डच्या पाठीच्या मध्ये फक्त स्टँडपुढची बुटकी भिंत. क्लिफर्ड अजून आम्हाला हात जोडत होता. त्याच्या ओठांवरून कळत होतं, पण ऐकू काही येत नव्हतं.

"आजोबा," एलिस भिंतीवरून ओणवून त्याच्या कानाशी मोठ्याने म्हणाला.

क्लिफर्ड वळला. त्या सामन्यानंतर एलिस त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द होता.

"खाली बसा. मागच्यांना दिसत नाहीये."

क्लिफर्ड मटकन खाली बसला, आमच्या कोटांवरच. एलिस एक क्षण त्याच्याकडे बघत राहिला. ओठाचा कोपरा हसल्यासारखा हलला, आणि त्याच नादात त्याने बॉल डोक्यावरून फेकला तो सरळ आमच्या खेळाडूच्या छातीवर.

असला भिकार थ्रो मी शाळेच्या मैदानावरही पाहिलेला नाही. स्टँड नुसता फुटला. क्लिफर्डचं तोंड आपसूक उघडलं, मान मागे गेली, छाती भरली. मी त्याची बाही धरली. पण गरज पडली नाही. त्याने दोन्ही तळव्यांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं, आणि तसाच, वर फक्त नवे स्वच्छ डोळे ठेवून, उलटा पळत जागेवर जाणाऱ्या नातवाकडे बघत राहिला.