पहिले तीस सेकंद

"सर, तो स्टार्टरचा व्हिडिओ आधी डिलीट करा. मग बोलू." प्राचार्यांचा फोन होता. पिपरी मेघेला घरी बसून मी दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत होतो. काय झालं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. माझी विद्यार्थिनी वैष्णवी, आष्टीकडची. तिच्या वडिलांना शेतातल्या स्टार्टरचा शॉक बसला होता आणि उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली होती.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो. लॉकडाऊनमध्ये वर्कशॉपला कुलूप होतं, म्हणून मोबाइलवर शिकवायचो. तासभराचं लेक्चर कुणी बघेना. तेव्हा आम्हा शिक्षकांना ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये सांगितलं की व्हिडिओ दीड मिनिटाचा करा, सुरुवातीलाच उत्सुकता वाढवा. मला ते पटलं. जरा जास्तच पटलं.

स्टार्टर म्हणजे विहिरीवरची मोटर चालू-बंद करणारी पेटी. आतली तार सैल झाली की मोटर उचलत नाही. तार कसायची तर आधी मेन स्विच पाडायचा म्हणजे बंद करायचा, टेस्टरने तपासायचं, मगच हात घालायचा. व्हिडिओत घरी आणलेल्या स्टार्टरवर मी आधी मुद्दाम चुकीचं करून दाखवलं. मेन स्विच चालू, झाकण उघडलं, बोटांनी तार धरून स्क्रू कसला. तोंडातून शब्द काढला नाही. मग विचारलं, "यात काय चुकलं?" पुढे बरोबर पद्धत दाखवली. शूटिंगपुरता सप्लाय मी मागच्या बोर्डावरून बंद केला होता. तो बोर्ड कॅमेऱ्यात नव्हता. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

वैष्णवीनं आपल्या सरांचा व्हिडिओ म्हणून कौतुकानं तो व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवला. तेव्हा स्टेटसला पहिले तीस सेकंदच जायचे, पुढचं कापलं जायचं. माझा प्रश्न पस्तिसाव्या सेकंदाला होता.

व्हिडिओ मी डिलीट केला. "तिकडे जाऊ नका, आपल्या अंगावर येईल," प्राचार्य म्हणाले. प्रवासाची परवानगी मिळाली तसा गेलोच.

वैष्णवीचे वडील, वामनराव, बाजेवर बसले होते. मागे पाण्यावाचून वांग्याची वाडी वाळली होती. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"सर, तुमी जसं केलं तसंच मी केलं," ते म्हणाले. "तुमाले काई नाई झालं. मले काऊन झालं?"

मी मागच्या बोर्डाचं सांगितलं.

"म्हंजे तुमचा करंट बंद होता?"

"हो."

"अन् हे फक्त तुमालेच मालूम होतं."

मी मान हलवली. मला फार लाज वाटली.

वैष्णवी दारात उभी होती. "बेटा, यात तुझी चूक नाही," मी म्हणालो.

"स्टेटसले तं मीच ठेवलं ना सर. बाबा म्हने, पोरीच्या सरनं दाखवलं, म्हंजे बरोबरच असन."

आता चुकीची पद्धत मी व्हिडिओत दाखवतच नाही. पहिल्याच सेकंदाला मेन स्विच पाडतो. व्हिडिओ किती लहान करायचा हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात. तो कुठेही कापला तरी बघणाऱ्याचा जीव वाचेल ना, हे आपलं आपल्यालाच तपासावं लागतं.

वर्कशॉप उघडल्यावर वैष्णवी प्रॅक्टिकलला आली. समोर स्टार्टर होता. तिच्या डोळ्यांदेखत मी मेन स्विच पाडला, टेस्टर लावून दाखवला. तिनं हात पुढे केला नाही.

"सर," ती म्हणाली, "आधी तुमी हात लावा."

मी लावला.